आनंदाचा विभाग आणि मणिमेखलैचे पात्र

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये सरफोजी भोसले यांनी आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. मराठी प्रवासी तिथे आवर्जून जातात, अक्षरे लावण्याचा प्रयत्न करतात, छायाचित्रे काढतात. त्याच मंदिराच्या शिल्पांमध्ये बोधिवृक्षाखाली बसलेल्या बुद्धाची एक लहानशी आकृतीही आहे; तिच्यापाशी फारसे कोणी थांबत नाही. वास्तविक हे प्रचंड शिवालय उभारणाऱ्या राजराज चोळाने अकराव्या शतकाच्या आरंभी नागपट्टिणम् बंदरातील चूडामणी विहारासाठी आनैमंगलम् हे गाव दान दिले होते. तो विहार समुद्रापलीकडच्या श्रीविजयच्या राजाने बांधवला होता. दानपत्राचे एकवीस ताम्रपट पुढे डचांबरोबर युरोपात गेले आणि अभ्यासकांना ते लायडन शहराच्या नावानेच ठाऊक झाले. १८५६ पासून नागपट्टिणमच्या जमिनीखालून शेकडो बौद्ध कांस्यमूर्ती निघाल्या. जुन्या विहाराचा अवशेष समजला जाणारा विटांचा तिमजली मनोरा मात्र १८६७ मध्ये सरकारी परवानगीने पाडण्यात आला. कावेरीच्या मुखप्रदेशातील काही गावांत शेतात सापडलेली बुद्धमूर्ती आजही झाडाखाली किंवा बांधावर बसलेली आहे आणि ती कोणाची हे न विचारता लोक तिला ‘मुनी’ म्हणून हार घालतात.

हा इतिहास आज आठवण्याचे कारण वर्तमानातले आहे. गेल्या काही वर्षांत आनंद हा आपल्याकडे शासकीय विषय झाला. मध्य प्रदेशाने २०१६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र विभागच स्थापन केला. दिल्लीच्या सरकारी शाळांतील ‘हॅपिनेस’ अभ्यासक्रमाचे उद्घाटन २ जुलै २०१८ रोजी दलाई लामा यांच्या हस्ते झाले. महाराष्ट्रातील शाळांत ‘मित्र उपक्रम’ या नावाने मुलांना आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याचा सराव, शिकवला जातो आणि विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरासाठी राज्य शासन आपल्या कर्मचाऱ्यांना रजा देते. शेजारच्या भूतानने सकल राष्ट्रीय आनंदाची कल्पना २००८ च्या राज्यघटनेतच घातली. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने आनंदाला विकासाच्या चर्चेत स्थान देणारा ठराव केला आणि २०१२ पासून जागतिक आनंद अहवाल निघू लागला. २०२५ च्या अहवालात १४७ देशांत भारताचा क्रमांक ११८ वा होता.

या क्रमवारीचा पाया एका प्रश्नात आहे. शून्यापासून दहापर्यंत पायऱ्यांची एक शिडी आहे असे समजा. तुम्हाला शक्य असलेले उत्तमातले उत्तम आयुष्य सर्वांत वरच्या पायरीवर आणि वाइटातले वाईट तळाशी. तुम्ही आज कोणत्या पायरीवर आहात? एका प्रश्नावरून देशांची गुणवत्तायादी लावावी का, याविषयी मला शंका आहे. पण प्रश्न स्वतः वाईट नाही. तो मनःस्थिती विचारत नाही, आयुष्याविषयीचा निवाडा विचारतो. तळाच्या पायरीवरचा माणूस ‘माझे मन अशांत आहे’ एवढेच सांगत नसतो. ‘मला वर चढू दिले जात नाही’ असेही सांगत असतो. आपल्याकडे मात्र यादी जाहीर झाली की दोनच प्रतिक्रिया उमटतात. एक तर पद्धत सदोष ठरवली जाते, नाही तर ध्यानधारणा वाढवा असे सुचवले जाते.

या दुसऱ्या सूचनेमागे एक तर्क असतो आणि तो साधारण असा मांडला जातो: बुद्धाने दुःखाचे मूळ मनात शोधले आणि त्यावर उपाय सांगितला, आधुनिक मेंदूविज्ञानाने तो उपाय खरा असल्याचे सिद्ध केले, म्हणून शासनाने तो सर्वांना शिकवावा. यातील मधली पायरी नीट तपासून पाहण्याजोगी आहे.

ध्यानाचा वैद्यकीय अभ्यास गंभीरपणे सुरू झाला तो १९७९ मध्ये. त्या वर्षी जॉन काबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात दीर्घकाळच्या वेदनांनी त्रस्त रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा सजगतेचा कार्यक्रम आखला. १९८७ मध्ये धरमशालेत दलाई लामा आणि काही शास्त्रज्ञ यांच्यात पहिला ‘माइंड अँड लाइफ’ संवाद झाला. चिलीचे जीवशास्त्रज्ञ फ्रान्सिस्को वरेला हे त्याचे एक प्रवर्तक. त्यातून पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठातील रिचर्ड डेव्हिडसन यांच्या प्रयोगशाळेत भिक्षूंच्या मेंदूतील विद्युत्लहरी मोजल्या गेल्या. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात हजारो तास ध्यान केलेल्या साधकांमध्ये करुणाध्यानाच्या वेळी एका विशिष्ट प्रकारच्या लहरी असाधारण तीव्र आढळल्या. जगभर त्याची बातमी झाली. साधक होते आठ. तुलनेसाठी घेतलेले विद्यार्थी दहा. २०११ मध्ये आठ आठवड्यांच्या सरावाने मेंदूतील करड्या द्रव्याची घनता काही भागांत वाढते असे एका अभ्यासात दिसले. त्यात सराव करणारे सोळा जण होते. आपल्याकडच्या व्याख्यानांत, शिबिरांच्या पत्रकांत आणि कधीकधी शासकीय परिपत्रकांतही ‘ध्यानाने मेंदूची रचना बदलते हे विज्ञानाने सिद्ध झाले आहे’ असे वाक्य असते, त्याचे मूळ अशा आठ-सोळा माणसांच्या अभ्यासांत आहे.

नंतर काय झाले, ते पत्रकांपर्यंत पोहोचले नाही. २०१४ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात ४७ चाचण्यांचा आणि त्यांतील ३,५१५ सहभागींचा एकत्रित आढावा आला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर ध्यानाच्या कार्यक्रमांचा मध्यम बळाचा पुरावा मिळाला; पण औषध, व्यायाम किंवा अन्य उपचारांपेक्षा ध्यान सरस आहे, असा पुरावा आढळला नाही. २०२२ मध्ये खुद्द डेव्हिडसन यांच्याच गटाने मोठ्या आणि अधिक काटेकोर चाचणीनंतर सांगितले की आठ आठवड्यांच्या सजगता कार्यक्रमामुळे मेंदूच्या रचनेत बदल झाल्याचे दिसत नाही. त्याच वर्षी ब्रिटनमधील एका प्रचंड शालेय चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ८५ शाळा, अकरा ते चौदा वयाची आठ हजारांहून अधिक मुले. कोणत्या शाळांत सजगतेचे धडे द्यायचे आणि कोणत्या शाळांत नेहमीचाच अभ्यासक्रम ठेवायचा, हे सोडत काढून ठरवलेले. धडे दिलेल्या मुलांचे मानसिक स्वास्थ्य इतर मुलांपेक्षा सुधारल्याचे आढळले नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. यात नवल ते काय? आपल्या शाळेतील मूल्यशिक्षणाच्या तासाला मागच्या बाकावर काय चालत असे, हे ज्यांना आठवते, त्यांना या निष्कर्षाने धक्का बसणार नाही.

याचा अर्थ ध्यान निरुपयोगी आहे असा नव्हे. अस्वस्थ माणसाला त्याने आधार मिळतो, नैराश्याच्या काही रुग्णांना पुन्हा त्या गर्तेत जाण्यापासून ते वाचवते आणि १९९४ मध्ये तिहारच्या तुरुंगात हजारावर कैद्यांनी एकत्र केलेल्या विपश्यनेला किंवा इगतपुरीच्या धम्मगिरीवर वर्षानुवर्षे येणाऱ्या साधकांच्या अनुभवाला कोणी खोटे म्हणण्याचे कारण नाही. सत्यनारायण गोएंका यांचे गुरू ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल होते. हिशेब तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडून ही विद्या भारतात परत आली, हा तपशील मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आला आहे. कारण इथे प्रश्न हिशेबाचाच आहे. एखाद्या व्यक्तीने स्वेच्छेने, स्वतःच्या वेळात केलेली साधना वेगळी. शासनाने लाखो मुलांच्या वेळापत्रकात घातलेली तासिका वेगळी. दुसऱ्या गोष्टीला पुरावा लागतो आणि ‘सिद्ध झाले आहे’ हे वाक्य म्हणजे पुरावा नव्हे. स्वतः दलाई लामा यांनी २००५ च्या आपल्या पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे की बौद्ध परंपरेतील एखादे प्रतिपादन विज्ञानाने निःसंशय चूक ठरवले, तर परंपरेने ते सोडून द्यावे. धर्मगुरू चुकीची दुरुस्ती मान्य करायला तयार आहेत आणि परिपत्रके मात्र तयार नाहीत, असे हे चमत्कारिक दृश्य आहे.

बौद्ध परंपरेने प्रमाणाचा विचार किती काटेकोरपणे केला होता, हे पाहण्यासाठी तंजावरच्या परिसराइतकी चांगली जागा नाही. कावेरी जिथे समुद्राला मिळते, त्या पूंपुहारला जुन्या तमिळ काव्यांत कावेरीपूंपट्टिणम् म्हणतात. ते आज मयिलाडुतुरै जिल्ह्यात आहे. पूर्वी अखंड तंजावर जिल्ह्यात होते. तिथल्या उत्खननात बौद्ध विहाराचे अवशेष मिळाले आहेत. ‘मणिमेखलै’ हे तमिळ बौद्ध महाकाव्य याच नगरीत सुरू होते. त्याचा काळ अभ्यासक सहाव्या शतकाच्या आसपास मानतात. कवी चात्तनार हा परंपरेनुसार मदुरेचा धान्याचा व्यापारी. नायिका मणिमेखलै ही माधवी या गणिकेची मुलगी. राजपुत्र तिच्यावर आसक्त आहे, आजी तिला कुळाच्या धंद्यात ओढू पाहते आणि तिला मात्र भिक्षुणी व्हायचे आहे. तिला ‘अमुदसुरभी’ नावाचे पात्र मिळते. एका पतिव्रतेने त्यात पहिली भिक्षा घातली की ते कधी रिते होत नाही.

या काव्यात भुकेला रोग म्हटले आहे. मणिमेखलै उपदेश करत फिरत नाही, आधी वाढत फिरते. कितीही खाल्ले तरी जिची भूक शमत नाही अशा शापित स्त्रीला ती तृप्त करते, आंधळ्या-पांगळ्यांना जेवू घालते आणि मग कारागृहात जाते. कैद्यांना जेवू घातल्याचे ऐकून राजा तिला बोलावतो आणि काय हवे ते माग म्हणतो. ती मागते ते एवढेच: हे कारागृह मोडून तिथे धर्मशाळा करा. राजा ते मान्य करतो. कैद्याला आत बसून शांत व्हायला शिकवणे आणि कारागृहाचीच भिंत काढून टाकायला सांगणे, यांतला फरक चात्तनारला कळत होता. पहिल्या गोष्टीला मी कमी लेखत नाही. पण दुसरीचा उच्चार आपल्या धोरणांत क्वचितच ऐकू येतो.

आणि एवढ्यावर हे काव्य थांबत नाही. शेवटच्या भागात मणिमेखलै निरनिराळ्या मतांच्या आचार्यांकडे जाऊन त्यांचे म्हणणे ऐकून घेते आणि अखेर कांचीला अरवण अडिगळ या वृद्ध गुरूंकडे येते. गुरू तिला धर्म सांगण्याआधी तर्क शिकवतात. ज्ञानाची प्रमाणे दोनच, प्रत्यक्ष आणि अनुमान. पक्ष म्हणजे काय, हेतू म्हणजे काय, दृष्टान्त कसा द्यावा आणि हेत्वाभास कोणकोणते, याचे सविस्तर विवेचन एका महाकाव्यात येते. हा विचार दिङ्नागाच्या संप्रदायाचा आहे आणि दिङ्नाग परंपरेनुसार कांचीजवळचाच. काव्यरसिकांना हा सर्ग रुक्ष वाटतो आणि तो तसा आहेही. पण अन्न वाढणारी स्त्री आणि हेत्वाभास शिकणारी स्त्री एकच आहे. पात्र आणि प्रमाण, दोन्ही एकाच हातात.

चोळांच्या नंतर या प्रदेशातून बौद्ध धर्म हळूहळू मावळला आणि १६७० च्या दशकात व्यंकोजी भोसले तंजावरला आले तेव्हा त्याची स्मृतीही फारशी उरली नसावी. तेव्हा मराठा राजांनी जे केले ते बौद्ध परंपरेतून आले, असा दावा करता येणार नाही. तरीही त्याच भूमीत त्या दोन गोष्टींची जोडी पुन्हा दिसते. १७९९ च्या तहाने सरफोजींच्या हातून राज्यकारभार गेला. उरला किल्ला, राजवाडा, ग्रंथालय आणि छत्रे, म्हणजे प्रवाशांसाठी बांधलेली अन्नछत्रे. १८०१ मध्ये कंपनीच्या रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात त्यांनी या छत्रांचे वर्णन केले आहे. तिथे सर्व जातींच्या वाटसरूंना जेवण मिळे, आजारी पडलेल्याला वैद्य मिळे, बाळंतिणीची काळजी घेतली जाई, मुलांना शिकवले जाई. छत्रे आपल्याकडेच राहू द्यावीत, अशी विनंती त्यांनी केली. राज्य गेल्याचे दुःख त्यांना होतेच. पण जपायचे काय, याची निवड त्यांनी केली होती. पंगतीतला भेद या व्यवस्थेने मिटवला असे मात्र कोणी म्हणू नये.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. सरफोजींच्या धन्वंतरी महालात औषधे तयार होत आणि रोग्यांवर उपचार होत. डोळ्यांच्या रुग्णांच्या तिथल्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत: रुग्णाच्या डोळ्याचे रंगीत चित्र, लक्षणे, केलेला उपचार. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचाही त्यांत समावेश आहे. आजच्या नेत्रतज्ज्ञांनी या नोंदींवर निबंध लिहिले आहेत. आपल्या औषधाने गुण येतो असे राजाने जाहीर करणे सोपे होते. त्याने प्रत्येक डोळ्याचे चित्र काढून ठेवायला लावले.

बौद्ध विचार आणि आधुनिक विज्ञान यांची खरी गाठ पडली ती याच मद्रास इलाख्यात, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. आणि ती प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाने घातली. १८९८ मध्ये अयोथीदास पंडित यांनी सिलोनला जाऊन पंचशील घेतले आणि मद्रासला शाक्य बौद्ध संघ स्थापला. आपण अस्पृश्य नव्हतोच, आपण मूळचे बौद्ध, बौद्ध राहिलो म्हणून आपल्याला बाहेर टाकले गेले, असे ते मांडत. या वर्तुळात ज्यांची ऊठबस होती त्यांत सिंगारवेलू चेट्टियार होते, जे पुढे १९२५ मध्ये कानपूरच्या कम्युनिस्ट परिषदेचे अध्यक्ष झाले, आणि पी. लक्ष्मी नरसू होते. नरसू हे मद्रासच्या महाविद्यालयांत पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवत. १९०७ मध्ये त्यांनी ‘द इसेन्स ऑफ बुद्धिझम’ हे पुस्तक लिहिले. त्याची अनुक्रमणिका पाहिली तरी लेखकाची दिशा कळते: बौद्ध धर्माची विवेकनिष्ठा, त्याची नीती, बौद्ध धर्म आणि जात, बौद्ध धर्मातील स्त्री, बौद्ध धर्म आणि निराशावाद. चमत्कारांना तिथे जागा नाही. पुढे १९२२ मध्ये त्यांनी जातिव्यवस्थेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

नरसूंसाठी विज्ञान हे बुद्धाला प्रमाणपत्र देणारे कार्यालय नव्हते. अमुक गोष्ट परंपरेत आहे म्हणून किंवा गुरूने सांगितली म्हणून मान्य करू नये, अनुभवाने आणि विचाराने ती तपासावी, ही वृत्ती त्यांना बुद्धात दिसली आणि तीच ते वर्गात शिकवत होते. मग ज्या सामाजिक रचनेला कोणतेच प्रमाण नाही, ती जात, या तपासणीतून कशी सुटेल? आजच्या ‘विज्ञान आणि बौद्ध धर्म’ या चर्चेत मेंदू असतो, श्वास असतो, करुणा असते, जात नसते. नरसूंच्या पुस्तकात ते प्रकरण वगळले तर पुस्तकच उरत नाही.

हे पुस्तक विस्मरणात गेले असते. ते वाचवले एका मराठी माणसाने. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४८ मध्ये त्याची नवी आवृत्ती स्वतः प्रस्तावना लिहून काढली आणि बौद्ध धर्मावरील तोपर्यंतच्या पुस्तकांत त्याला सर्वोत्तम ठरवले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतरामागे जी वैचारिक तयारी होती, तिच्यात मद्रासच्या या विज्ञानाच्या प्राध्यापकाचा वाटा आहे, हे महाराष्ट्रात जितके ठाऊक असायला हवे तितके नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात होते. अयोथीदास आणि नरसू यांच्या तमिळनाडूत ते सुमारे अकरा हजार. बीज एकीकडे पडले, पीक दुसरीकडे आले.

आंबेडकरांनी १९५० मध्ये महाबोधी संस्थेच्या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात आधुनिक माणसाला पटेल अशा धर्माच्या कसोट्या दिल्या आहेत. धर्म बुद्धीला, म्हणजेच विज्ञानाला धरून असावा. त्याने स्वातंत्र्य, समता आणि बंधुता मान्य करावी. आणि त्याने दारिद्र्याचे उदात्तीकरण करू नये. शेवटची कसोटी आजच्या आनंदशास्त्राने भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या त्यांच्या मृत्यूनंतर, १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तर त्यांनी चार आर्यसत्यांवरच प्रश्नचिन्ह लावले. जन्म दुःख, जरा दुःख, मरण दुःख असेच असेल तर हा धर्म निराशेचाच ठरेल. ही सत्ये मूळ उपदेशातील आहेत की भिक्षूंनी नंतर जोडली, असे त्यांनी विचारले. माणसाच्या दुःखाचे मोठे कारण माणसाने माणसावर केलेला अन्याय आहे, या अंगाने त्यांनी बुद्ध वाचला. बौद्ध विद्येच्या अनेक पंडितांना हे मान्य नाही आणि त्यांचे आक्षेप हलके नाहीत. पुनर्जन्माच्या चर्चेत आंबेडकर ऊर्जेच्या अविनाशित्वाचा आधार घेतात, तो दुवा मलाही पटत नाही. तिथे त्यांनी विज्ञानाकडून मागू नये ते मागितले असे वाटते. पण दुःखाचे कारण नेमके कुठे शोधायचे, हा त्यांचा प्रश्न टाळून आनंदाचे धोरण आखता येत नाही.

तंजावरच्या भातशेतीला तमिळनाडूचे कोठार म्हणतात. १९६० च्या दशकात त्या कोठारात राबणाऱ्या दलित शेतमजुरांनी कापणीच्या मजुरीत थोडे अधिक भात मागितले. जमीनदारांशी संघर्ष पेटला. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री कीळवेण्मणी या गावी हल्ला झाला. जीव वाचवण्यासाठी बायका, मुले आणि म्हातारी माणसे एका झोपडीत शिरली; ती झोपडी पेटवून देण्यात आली. चव्वेचाळीस जण जळून मेले. खालच्या न्यायालयाने दोषी ठरवलेल्या जमीनदारांना पुढे मद्रास उच्च न्यायालयाने सोडून दिले. अशा श्रीमंत माणसांनी स्वतः चालत जाऊन आग लावली असेल हे त्या न्यायालयाला संभवनीय वाटले नाही. कीळवेण्मणी तेव्हा तंजावर जिल्ह्यात होते, आज नागपट्टिणम् जिल्ह्यात आहे. ज्या मुलखात बुद्धाच्या शेकडो मूर्ती मातीखाली सापडल्या, तोच हा मुलूख. १९६९ च्या जानेवारीत या गावातील एखाद्या मजुराला शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी दाखवली असती आणि त्याने तळाकडे बोट दाखवले असते, तर आनंद विभागाने त्याला काय सुचवले असते?

त्या गावात पुढे जे बदलले ते जमिनीच्या वाटपाने, मजुरीच्या कायद्याने, संघटनेने आणि शाळेने. कृष्णम्माळ आणि जगन्नाथन् या सर्वोदयी दांपत्याने याच भागात भूमिहीन दलित स्त्रियांच्या नावावर जमीन करून देण्याचे काम दशकानुदशके केले. पुढे २५ ऑगस्ट २०२३ रोजी याच जिल्ह्यातील तिरुक्कुवळै येथील शाळेत तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी प्राथमिक शाळांतील न्याहारी योजना राज्यभर लागू केली. पंधरा लाखांहून अधिक मुलांना शाळा भरण्याआधी गरम खाणे मिळू लागले. ही परंपरा कामराजांच्या १९५० च्या दशकातील मध्यान्ह भोजनापासूनची आणि एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये केलेल्या विस्ताराची. तिरुक्कुवळै हे करुणानिधींचे जन्मगाव, म्हणून ते निवडले गेले, यात राजकारण होते, असू द्या.

या पात्रामागे प्रमाणही आहे. २०२१ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये भारतातील मध्यान्ह भोजनाचा दोन पिढ्यांवरचा परिणाम तपासणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या मुली शाळेत असताना हे जेवण जेवल्या, त्यांना पुढे झालेल्या मुलांत खुरटलेल्या वाढीचे प्रमाण कमी आढळले. विज्ञानाला आनंदाविषयी काही सांगायचे असेल, तर त्याची भाषा बहुधा अशी असते: मुलाची उंची, आईचे वय, शाळेची वर्षे. मेंदूच्या रंगीत प्रतिमेइतके ते आकर्षक दिसत नाही, वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येत नाही आणि त्यावर शिबिरेही भरत नाहीत.

महाराष्ट्रापुढचा प्रश्न यातून सरळ निघतो. ‘मित्र उपक्रमा’ची दहा मिनिटे मुलांच्या हिताची असू शकतात, काही शिक्षक तसे मनापासून सांगतात आणि श्वासाकडे लक्ष देण्यात अपाय काही नाही. पण ब्रिटनमध्ये जे करता आले ते इथेही करता येईल. एखाद्या विभागातील जिल्हा परिषदेच्या शाळा सोडतीने दोन गटांत विभागाव्यात. एका गटात दोन वर्षे आनापान आणि दुसऱ्यात त्याच वेळात खेळ किंवा वाचन ठेवावे. मोजणी उपक्रम चालवणाऱ्या संस्थेने न करता एखाद्या विद्यापीठाने करावी. मोजायचे काय, हे आधी जाहीर करावे: हजेरी, झोप, मारामाऱ्या, वाचनाची गती आणि मुलांनी स्वतः सांगितलेली अवस्था. त्या यादीत दोन रकाने आणखी असावेत. मूल सकाळी काही खाऊन आले आहे का? वर्गात त्याला जातीवरून कोणी हिणवते का? निकाल जे येतील ते मराठीत छापून शाळांना पाठवावेत. ते अनुकूल आले तर उपक्रम वाढवावा. प्रतिकूल आले तर त्या दहा मिनिटांचे काय करायचे, ग्रंथालय, मैदान की दुधाचा पेला, हे प्रत्येक शाळेच्या व्यवस्थापन समितीला ठरवू द्यावे.